शुक्रवारचं रिलीज

मागच्या बुधवारी कॅन्टीनमध्ये जेवताना विषय निघाला राजकारणातल्या पैशांचा. आमच्या टीममधला एकजण न्यू जर्सीत तीन वर्षं ऑनसाइट काढून नुकताच परत आलाय. परत आलेल्यांना पहिले सहा महिने इथलं काहीच पटत नाही, ते आपण समजून घेतो. तर तो म्हणाला, "अरे, तिकडे सगळं ओपन असतं. सिनेटरला कोणी दोनशे डॉलरच्या वर दिले की नाव, गाव, कंपनी, सगळं साइटवर. त्याने कुठल्या बिलावर काय मत दिलं तेही साइटवर. दोन विंडो शेजारी शेजारी उघड आणि बघ. आपल्यासारखं टेबलाखालून काही नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असणार, कारण पुढ्यात मटकीची उसळ होती आणि दीडला कॉल होता. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण त्या दोन विंडो मी स्वतः शेजारी शेजारी उघडून पाहिल्यात. एका सिनेटरच्या बाबतीत तरी नक्की. आणि त्याच्या कारकिर्दीत जे सगळ्यात महाग पडलं ते या दोन्हींपैकी एकाही विंडोत दिसत नाही. म्हणून हा शनिवार त्याच्यावर खर्च करतोय.

सिनेटरचं नाव फिल ग्रॅम. राज्य टेक्सास, पक्ष रिपब्लिकन, सिनेटमध्ये १९८५ ते २००२.

आधी त्याची चांगली बाजू, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितोय. माणूस अर्थशास्त्राचा प्राध्यापक. आधी डेमोक्रॅट म्हणून खालच्या सभागृहात निवडून आला. १९८३ साली पक्ष बदलायचा ठरवला तेव्हा त्याने आधी राजीनामा दिला, पोटनिवडणूक लढवली आणि रिपब्लिकन म्हणून त्याच जागेवर परत निवडून आला. सरकारी तुटीला लगाम घालणाऱ्या १९८५ च्या कायद्यावरही त्याचं नाव आहे. बाजाराला मोकळं सोडा, सरकारने मधे लुडबुड करू नये, हे त्याचं मत पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच. दांभिक म्हणता येणार नाही.

आता पैसा. फेब्रुवारी १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या तयारीसाठी त्याने डॅलसला एक मेजवानी दिली. एका रात्रीत ४१ लाख डॉलर जमले. अमेरिकन राजकारणातला सगळ्यात भरवशाचा मित्र म्हणजे हातातला रोख पैसा आणि तो माझ्याकडे आहे, असं तो तेव्हा उघडपणे म्हणाला. बरोब्बर एका वर्षाने, फेब्रुवारी १९९६ मध्ये, आयोवात आपटी खाऊन बाहेर पडला. न्यू हॅम्पशरच्या मतदानापर्यंतही टिकला नाही.

इथे माझा मित्र टाळी मागेल. "बघ! पैशाने निवडणूक जिंकता येत नाही!" बरोबर. मतदार विकत घेणं महाग आणि बेभरवशाचं काम आहे. पण पैसेवाल्याला मतदाराशी काय घेणं? त्याला हवं असतं एखादं कलम. दोन परिच्छेदांचं. आणि कलमांवर मतदार मतदान करत नाहीत.

ग्रॅमच्या देणग्यांत एक ओळखीचं नाव आहे. एनरॉन. १९८९ पासून पुढच्या बारा-तेरा वर्षांत कंपनीच्या पॅककडून, म्हणजे राजकीय देणग्यांसाठीच्या अधिकृत निधीकडून, आणि कर्मचाऱ्यांकडून मिळून त्याला सुमारे ९७ हजार डॉलर मिळाले. कंपनीने स्वतःच्या तिजोरीतून उमेदवाराला पैसे देण्यावर तिथे १९०७ पासून बंदी आहे, म्हणून हा मार्ग. सगळं नियमात. आणि रक्कम तरी केवढी? आजच्या हिशोबाने पुण्यात बऱ्यापैकी जागी टू बीएचके यायची मारामार. एवढ्यासाठी कोणी कायदा विकतो का? मलाही पटत नाही.

पण ही झाली पहिल्या विंडोतली रक्कम. जी त्या विंडोत येतच नाही ती बघा.

ग्रॅमची पत्नी वेंडी ग्रॅम, त्याही अर्थतज्ज्ञ. १९८८ ते जानेवारी १९९३ या काळात त्या कमॉडिटी फ्यूचर्स ट्रेडिंग कमिशनच्या अध्यक्ष होत्या. म्हणजे वायदेबाजाराच्या सरकारी राखणदार. त्यांच्या शेवटच्या महिन्यांत काही कंपन्यांनी ऊर्जेच्या वायद्यांना नियमांतून सूट मागितली. मागणाऱ्यांत एनरॉन होती. अध्यक्षबाई पायउतार होता होता कमिशनने सूट देण्याच्या दिशेने पावलं टाकली. आणि काही आठवड्यांतच त्या एनरॉनच्या संचालक मंडळावर गेल्या. पुढे हिशेब तपासणाऱ्या ऑडिट समितीवरसुद्धा. 'पब्लिक सिटिझन' या संस्थेने २००१ च्या डिसेंबरात मांडलेल्या हिशोबानुसार १९९३ ते २००१ मध्ये त्यांना एनरॉनकडून मानधन, शेअरचे ऑप्शन वगैरे मिळून नऊ लाख पंधरा हजार ते साडेअठरा लाख डॉलरच्या दरम्यान रक्कम मिळाली.

टू बीएचकेचा एकदम बंगला झाला की नाही? आणि ही देणगी नव्हेच. हा संचालकाचा मोबदला. त्यामुळे 'सिनेटरला कोणी किती दिले' या यादीत तो शोधून सापडणार नाही. भोक क्रमांक एक.

आता दुसरी विंडो. मतांची नोंद.

१९९९ साली ग्रॅम सिनेटच्या बँकिंग समितीचा अध्यक्ष होता. त्या वर्षी त्याच्या नावाचा एक कायदा झाला, ग्रॅम-लीच-ब्लायली. १९३३ पासून साध्या बँका आणि शेअरबाजारी बँका यांच्यामधे जी भिंत होती ती त्याने पाडली. त्यावर सिनेटमध्ये मतदान झालं, ९० विरुद्ध ८. कोणी हो म्हटलं, कोणी नाही, सगळं नावानिशी आहे. मित्राची विंडो इथे झकास चालते. वाद घाला, शिव्या द्या, पण नोंद आहे.

पुढच्या वर्षी काय झालं ते बघा. डिसेंबर २०००. बुश की गोर या भांडणात अख्खा देश टीव्हीला चिकटलेला. १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, १३ ला गोरने हार मान्य केली. १४ तारखेला, गुरुवारी, एक बिल मांडलं गेलं. कमॉडिटी फ्यूचर्स मॉडर्नायझेशन ॲक्ट. अडीचशेहून जास्त पानं. १५ तारखेला ते सरकारी खर्चाच्या हजारो पानी गठ्ठ्यात घातलं गेलं. तो गठ्ठा पास झाला नाही तर सरकारचे पैसे अडकणार, म्हणजे 'नाही' म्हणायची सोयच नाही. सिनेटने तो सर्वसंमतीने मंजूर केला. नावानिशी मतदान नाही. २१ डिसेंबरला क्लिंटनची सही.

१५ डिसेंबर २००० ला वार कोणता होता? शुक्रवार.

मंडळी, आपल्या धंद्यात एक अलिखित नियम आहे. शुक्रवारी प्रॉडक्शनला हात लावायचा नाही. लागलाच तर रिव्ह्यू हवा, कोणी कोड लिहिला, कोणी पास केला याची नोंद हवी. सोमवारी सकाळी सिस्टिम झोपली की 'गिट ब्लेम' मारायचा, त्या ओळीसमोर नाव येतं. बिचारा तो पोरगा चहा सोडून पळत येतो. आपण साधं बिलिंगचं सॉफ्टवेअर चालवतो तरी एवढं करतो.

या शुक्रवारच्या रिलीजमध्ये जे कलम गेलं त्याला पुढे नाव पडलं 'एनरॉन लूपहोल'. मोठ्या व्यापाऱ्यांनी इलेक्ट्रॉनिक बाजारात केलेले ऊर्जेचे सौदे नियंत्रकाच्या नेहमीच्या देखरेखीतून त्या कलमाने बाहेर काढले. कोणाकडे किती माल साठलाय हे नियंत्रकाला रोज कळवायची सक्ती नाही, साठ्यावर मर्यादा नाही. आणि असा इलेक्ट्रॉनिक बाजार नोव्हेंबर १९९९ पासून कोण चालवत होतं? एनरॉन. 'एनरॉनऑनलाइन' नावाची साइट. साइटही त्यांची आणि प्रत्येक सौद्यात एक बाजूही तेच. प्रत्येक खरेदीदाराला विकणारे ते, प्रत्येक विकणाऱ्याकडून घेणारे ते. सगळ्यांचे पत्ते फक्त त्यांनाच दिसणार.

बरं, तज्ज्ञांनी सांगितलं म्हणून असं केलं असंही नाही. नोव्हेंबर १९९९ मध्ये अर्थमंत्री समर्स, फेडरल रिझर्व्हचे ग्रीनस्पॅन आणि दोन नियंत्रकांचे प्रमुख यांच्या गटाने अहवाल दिला होता. ही सगळी बाजार मोकळा सोडा म्हणणारी माणसं. व्याजदर, चलन असल्या आर्थिक वायद्यांना सूट द्या, असंच त्यांनीही म्हटलं. पण ज्या मालाचा पुरवठा मर्यादित असतो तिथे ही सूट नको, कारण तिथे भाव हातात धरून ठेवता येतो, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. तेल आणि गॅस हा असाच माल. कलम नेमकं याच्या उलट गेलं. आणि कधी? कॅलिफोर्नियाचं वीजसंकट ऐन भरात असताना. संकट कायद्याच्या आधी, २००० च्या उन्हाळ्यातच सुरू झालं होतं, त्यामुळे त्याचं खापर मी या कायद्यावर फोडणार नाही. पण घराला आग लागलेली दिसत असताना कोणी स्मोक अलार्म काढून नेत असेल तर 'का रे बाबा?' एवढं तरी विचारावं की नाही?

मग ते कलम लिहिलं कोणी? खरी गंमत इथे आहे. ग्रॅम त्या बिलाचा एक पुरस्कर्ता. अंतिम मसुद्याची घासाघीस करणाऱ्यांत तो अग्रभागी, आणि सभागृहात त्याने बिलाची भरभरून तारीफ केली. पण ऊर्जेचं कलम आपलं नव्हे, तो विषय आपल्या समितीचा नव्हताच, हा त्याच्या बाजूचा बचाव. खोटा आहे असं सिद्ध करता येत नाही. खरा आहे असंही करता येत नाही. कारण त्या ओळीसमोर नावच नाही. गिट ब्लेम मारला तर उत्तर येतं, 'अमेरिकेचं सिनेट, सर्वसंमतीने.'

माझा आरोप नेमका हाच आहे. त्याने ९७ हजार घेऊन कलम विकलं असं मी म्हणत नाही. ज्याची पत्नी त्या कंपनीच्या संचालक मंडळावर आहे तो सिनेटर ज्या बिलाच्या टेबलावर बसतो, त्यात त्याच कंपनीच्या सोयीचं कलम येतं, आणि पंचवीस वर्षांनंतरही त्याचा लेखक सांगता येत नाही. याला ओपन म्हणतात? भोक क्रमांक दोन.

एनरॉनचं पुढे काय झालं ते माहीतच आहे. २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरी. कर्मचाऱ्यांची म्हातारपणाची पुंजी कंपनीच्याच शेअर्समध्ये होती, तिची माती झाली. पण कलम मेलं नाही. २००६ मध्ये अमरंथ नावाच्या फंडाने गॅसच्या सट्ट्यात सुमारे सहा अब्ज डॉलर घालवले. नियंत्रित बाजाराने 'साठा कमी करा' म्हटल्यावर या महाशयांनी आपला डाव उचलून इलेक्ट्रॉनिक बाजारात मांडला, कारण तिथे विचारणारं कोणी नव्हतं. २००८ मध्ये ते भोक बुजवलं गेलं. एका शुक्रवारचा बग फिक्स व्हायला साडेसात वर्षं.

आता म्हणाल, तुला काय त्याचं? टेक्सासचा सिनेटर, कॅलिफोर्नियाची वीज, तू बसलायस कोथरूडला.

मला एनरॉन हा शब्द शाळेत असताना कळला. आमचं आजोळ गुहागर तालुक्यात. मे महिन्याच्या सुट्टीत आंबे खायला गेलो की भिंतींवर 'एनरॉन हटाव' रंगवलेलं दिसायचं. मामा एसटीतून उतरताना बोट दाखवून सांगायचा, "तिकडे अंजनवेलला होतोय बघ प्रकल्प." डिसेंबर १९९३ मध्ये आपल्या वीज मंडळाशी करार झाला. १९९५ च्या निवडणुकीत एनरॉन अरबी समुद्रात बुडवायच्या घोषणा झाल्या. युतीचं सरकार आलं, करार रद्द झाला, मग परत बोलणी आणि परत करार. मे १९९९ ला ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू. मे २००१ ला मंडळाने हात वर केले, वीज घेणं बंद, प्रकल्प बंद. मूळ करार बराच काळ लोकांसमोर आलाच नव्हता. वीज घ्या किंवा न घ्या, क्षमतेचे पैसे मोजावेच लागतील, आणि तेही डॉलरच्या भावाशी बांधलेले, ही कलमं लोकांना कळेपर्यंत सह्या वाळून गेल्या होत्या. कंपनीच्या एका बड्या अधिकारीबाईंनी १९९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं होतं की भारतीयांना 'शिक्षित' करण्यावर आणि प्रकल्पाच्या जुळवाजुळवीवर आम्ही सुमारे दोन कोटी डॉलर खर्च केले. कोणाला शिक्षित केलं? माझा मामा त्या वर्गात नव्हता हे नक्की.

दाभोळमध्ये फिल ग्रॅमचा हात होता असं मी म्हणत नाही. पण दाभोळचा करार झाला तेव्हापासून तो बुडाला तोपर्यंत वेंडीबाई त्या कंपनीच्या संचालक मंडळावर होत्या. आणि पद्धत तीच होती. घोषणा चौकात, कलम बंद खोलीत.

राहिलं भोक क्रमांक तीन. ग्रॅम २००२ च्या अखेरीस सिनेटमधून बाहेर पडला आणि यूबीएस या स्विस बँकेत उपाध्यक्ष झाला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मेलेल्या एनरॉनचा ऊर्जा-व्यापाराचा विभाग कोणी उचलला होता? यूबीएसनेच. योगायोग असेल. पण निवृत्तीनंतरचा पगार हीही देणगी नव्हे, तीही विंडोत येत नाही.

आणि ऊर्जेचं कलम ही त्या बिलातली एक फांदी फक्त. त्याच बिलाने 'क्रेडिट डिफॉल्ट स्वॅप' नावाच्या कर्जबुडीच्या विम्यालाही नियंत्रणाबाहेर ठेवलं. विमा म्हणायचं नाही म्हणून विम्याचे नियम नाहीत, राज्यांचे जुगारविरोधी कायदेही लागू नाहीत. एआयजीने असले करार भरमसाट विकले आणि सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकन सरकारला तिला वाचवायला उतरावं लागलं. ८५ अब्ज डॉलरपासून सुरुवात करून एकूण मदतीची तयारी सुमारे १८२ अब्जांपर्यंत गेली. यूबीएसलाही स्विस सरकारने त्याच ऑक्टोबरात हात दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये, मॅकेनच्या प्रचारात सल्लागार असताना, ग्रॅम म्हणाला होता की ही मंदी मानसिक आहे आणि अमेरिका हा रडणाऱ्यांचा देश झालाय. त्यानंतर त्याला प्रचारातून बाजूला व्हावं लागलं. मला ते वाक्य चांगलं लक्षात आहे, कारण त्या हिवाळ्यात माझ्या प्रोजेक्टचा क्लायंट, एक परदेशी बँक, गायब झाला आणि मी पाच महिने बेंचवर होतो. होम लोनचा हप्ता मात्र मानसिक नव्हता.

हरकती मला माहीत आहेत. एक, सही क्लिंटनची होती आणि पुरस्कर्त्यांत डेमोक्रॅटही होते. मान्य. मी कुठल्या पक्षाचा झेंडा घेऊन उभा नाही. नाव न लिहिता मर्ज करायची सोय दोन्ही पक्षांना आवडते. दोन, ग्रॅमचा बाजारावर विश्वासच होता, पैसे मिळाले नसते तरी त्याने हेच केलं असतं. हेही मान्य, आणि म्हणूनच जास्त काळजी वाटते. लाच देऊन मत फिरवावं लागत असेल तर निदान सौदा तरी होतो, पुरावा राहतो. आधीपासून मनाने आपला असलेला माणूस शोधायचा आणि त्याला त्या खुर्चीवर टिकवून ठेवायचं, यात गुन्हा नाही, पावती नाही. न्यूयॉर्क टाइम्सने २००८ मध्ये नोंदी तपासून लिहिलं की १९८९ ते २००२ मध्ये व्यापारी बँकांच्या सर्वाधिक देणग्या ग्रॅमला मिळाल्या. बँकांनी त्याचा विश्वास विकत घेतला नाही. त्याच्या विश्वासाची देखभाल केली. एएमसी म्हणा.

म्हणून यापुढे कोणी 'सगळं साइटवर आहे' म्हणालं तर तीन साधे प्रश्न विचारा. घरात अजून कोणाला पगार मिळतोय? खुर्ची सोडल्यावर हा कुठे गेला? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे कलम टाइप कोणी केलं? पहिल्या दोघांची उत्तरं थोडं खणलं तर मिळतात. तिसऱ्याचं नाही मिळत, कारण ते ठेवायचा नियमच नाही. देणग्यांवर मर्यादा आणा, जरूर आणा. पण माझी मागणी त्याहून स्वस्त आहे. कायद्याच्या प्रत्येक कलमासमोर ते आणणाऱ्याचं नाव, आणि मत द्यायच्या आधी वाचायला निदान काही दिवस. आपल्या ऑफिसात इंटर्नलासुद्धा यापेक्षा कमी नियम लावत नाहीत.

सोमवारी कॅन्टीनमध्ये मी मित्राला सांगणार आहे, तुझ्या दोन विंडो छान आहेत, आता तिसरी उघड. तो म्हणेल, तिसरी कुठली? तेवढंच तर म्हणायचंय.

असो. चहा गार झाला.